नवकंकरीचा लाकडी पट : रेषा, खळगी आणि लेसर-किरण

नवकंकरी खेळावयास पदरचे काहीच लागत नाही, ही तिची मोठी सोय आणि हाच तिचा शापही. कोळशाच्या तुकड्याने फरशीवर एकात एक असे तीन चौकोन काढले, त्यांच्या बाजूंचे मध्य चार छोट्या रेषांनी जोडले आणि अंगणातले नऊ खडे एकाने, नऊ चिंचोके दुसऱ्याने घेतले की पट तयार. डाव संपला की फरशी पुसली जाते. खेळाबरोबर पटही जातो. जे पट टिकले ते दगडात कोरलेले. नाशिकच्या पांडवलेणी परिसरात, किल्ल्यांच्या पायऱ्यांवर, देवळांच्या ओट्यांवर असे कोरलेले पटखेळ आजही पाहावयास मिळतात. पहारेकऱ्याला किंवा वाटसरूला वेळ काढावयाचा होता, हाताशी छिन्नी होती, एवढ्यावर ते झाले असावेत. घराघरांतल्या फरश्यांवरचे असंख्य पट मात्र पाण्याबरोबर वाहून गेले.

हाच पट आज लाकडात, नक्षीसह, लेसर-यंत्रावर कसा करता येईल हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे. आपण कलाशाखेचे विद्यार्थी. यंत्र हा शब्द ऐकताच आपण तो विषय विज्ञान इमारतीकडे ढकलतो. परंतु येथे यंत्राचे काम थोडे आहे आणि विचाराचे काम पुष्कळ आहे. वर्धा मार्गावरून रेल्वेचे रूळ ओलांडून मनीषनगरात शिरले की घरांच्या दारांवर लेसरने कापलेल्या नावाच्या पाट्या दिसू लागतात. अॅक्रिलिकचा गणपती, लाकडी स्वस्तिक, खाली कुटुंबाचे नाव. ज्या यंत्रावर ही पाटी होते त्याच यंत्रावर आपला पट होतो. यंत्राला दोन्ही सारखेच. पाटी फक्त पाहावयाची असते, पट हाताळावयाचा असतो, आणि सगळा फरक तेथून सुरू होतो.

प्रथम खेळ समजून घेऊ, कारण खेळ न समजता काढलेली नक्षी खेळाच्या मुळावर येते. पटावर चोवीस ठिकाणे असतात. प्रत्येक चौकोनाचे चार कोपरे आणि चार मध्यबिंदू, असे आठ त्रिक चोवीस. दोघे खेळाडू आळीपाळीने एकेक सोंगटी मांडतात. सगळ्या मांडून झाल्या की रेषेवरून शेजारच्या रिकाम्या ठिकाणी सरकवतात. एका सरळ रेषेत आपल्या तीन आल्या की प्रतिपक्षाची एक उचलावयाची. ज्याच्या दोनच उरल्या, किंवा ज्याला सरकावयास जागाच राहिली नाही, तो हरला. अशा तिनाच्या रांगा पटावर एकंदर सोळा आहेत आणि प्रत्येक ठिकाण नेमक्या दोन रांगांत येते. ठिकाणे मात्र सारखी मोलाची नाहीत. कोपऱ्यातून दोनच वाटा फुटतात. बाहेरच्या आणि आतल्या चौकोनाच्या मध्यबिंदूंतून तीन. आणि मधल्या चौकोनाच्या चार मध्यबिंदूंतून चार. हे चार नाके ज्याच्या हाती, त्याचा डाव मोकळा. स्वित्झर्लंडमधील राल्फ गासर यांनी १९९३ साली संगणकाच्या साहाय्याने असे सिद्ध केले की दोन्ही बाजूंनी अचूक खेळ झाला तर हा डाव बरोबरीतच सुटतो. अर्थात अचूक खेळणारा माणूस अद्याप आपल्या वसतिगृहात आलेला नाही.

हा खेळ एकट्या आपला नाही. युरोपातही तो शतकानुशतके खेळला गेला. इंग्रजी विभागातील मित्रांना आठवत असेल, शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकात टिटानिया बिघडलेल्या ऋतूंचे वर्णन करते तेव्हा गवतावर आखलेला हाच पट चिखलाने भरून गेल्याचा उल्लेख येतो. तिकडे गवतात, इकडे फरशीवर. मिटण्याचे नशीब दोन्हीकडे एकच.

पटाचा एक दुसरा प्रकारही आढळतो, ज्यात तिन्ही चौकोनांचे कोपरेही तिरप्या रेषांनी जोडलेले असतात. आमच्या इमारतीतील एका आजींना कागदावर दोन्ही आकृत्या काढून दाखवल्या. चंद्रपूरकडच्या त्या आजींनी दुसरीवर बोट ठेवून म्हटले, “कोपरे जोडले त मंग फसनार कोन?” कोपऱ्यात प्रतिपक्षाला कोंडणे हाच त्यांच्या मते खेळाचा रस. कोळशाने काढताना ही रेषा असावी की नसावी हे दर डावाला बदलता येते. लाकडात एकदाच ठरवावे लागते. म्हणून यंत्राकडे जाण्याआधी घरातल्या जाणत्या माणसाबरोबर कागदावर दोन-चार डाव खेळून घ्यावे. मी येथे आजींचा, म्हणजे कोपरे न जोडलेला पट धरला आहे.

आता यंत्राकडे वळू. लाकूड कापणाऱ्या बहुतेक लेसर-यंत्रांत काचेची एक लांब नळी असते आणि तीत कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन व हेलियम या वायूंचे मिश्रण असते. विजेने नायट्रोजनचे रेणू उद्दीपित होतात, ते आपली ऊर्जा कार्बन डायऑक्साइडला देतात, आणि त्यातून १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा अवरक्त किरण निघतो. डोळ्यांना तो दिसत नाही. यंत्रावर जो तांबडा ठिपका दिसतो तो केवळ जागा दाखविणारा. कापणारा किरण वेगळा. लाकूड, कागद, कापड, अॅक्रिलिक हे पदार्थ हा किरण शोषून घेतात आणि भिंगाने तो एका बिंदूत आणला की त्या बिंदूवरचे लाकूड जळून वायुरूप होते. उघडे तांबे मात्र त्याला जवळजवळ पुरता परतवून लावते.

हा वायु-लेसर ज्यांनी शोधला ते आपल्या महाराष्ट्रात जन्मलेले. चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीत झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले. पहिला लेसर थिओडोर मायमन यांनी १९६० मध्ये माणकाच्या कांडीतून काढला होता. त्यानंतर चारच वर्षांनी, १९६४ मध्ये, बेल प्रयोगशाळेत काम करीत असताना पटेल यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर सिद्ध केला. १९९६ साली त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले. आपल्या पाठ्यपुस्तकांत हे नाव क्वचितच भेटते. दारावरची पाटी कापून देणाऱ्या मुलालाही ते ठाऊक नसते, आणि त्यात त्याचा दोष नाही.

लाकूड कोणते घ्यावे? विदर्भात असे विचारले की उत्तर सागवान असेच येते. आलापल्ली-बल्लारशाहच्या सागाची ख्याती मोठी. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान गेले ते बल्लारशाहहूनच. तरीही या पटासाठी साग मला गैरसोयीचा वाटतो. एक तर तो मुळातच तपकिरी, त्यावर जळक्या रेषेचा तपकिरी उठून दिसत नाही. दुसरे, सागाच्या वर्षवलयांत मऊ आणि कठीण पट्टे आलटून पालटून येतात, त्यामुळे एकाच ताकदीचा किरण एका पट्ट्यात खोल जातो आणि दुसऱ्यात उथळ राहतो. रेषा सरळ असूनही ती बोटाला उंच-सखल लागते. अखंड लाकडाचा रुंद फळा आपल्या हवेत वाकतोही. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो तेव्हा लाकूड सुकून आक्रसते आणि पावसाळ्यात दमट हवेने आडव्या अंगाने फुगते. शिवणीचे फिकट, एकसारख्या पोताचे लाकूड मिळाले तर ते कोरावयास चांगले. पण पातळ आणि रुंद फळी सुताराकडे सांगून करून घ्यावी लागते. म्हणून साधा मार्ग म्हणजे फिकट पृष्ठाचे ४ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड. त्याचे थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असल्याने ते हवेला फारसे बधत नाही. दुकानात मात्र घरच्या फर्निचरसाठी मागतात तसे पाण्याला टिकणारे प्लाय मागू नये. त्यातील फिनॉलचा गोंद किरणाला दाद देत नाही आणि कडा कोळसा होतात. साधे, घरात वापरावयाचे, एम.आर. छापाचे प्लाय येथे सरस ठरते. महाग ते चांगले हा नियम येथे उलटा आहे.

आकृतीची मापे अशी धरावीत. फळी ३०० मिलिमीटर लांब-रुंद. तीन चौकोनांच्या बाजू २४०, १६० आणि ८० मिलिमीटर. म्हणजे शेजारची कोणतीही दोन ठिकाणे ४० मिलिमीटरहून जवळ येत नाहीत. प्रत्येक ठिकाणी २३ मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ आरपार कापावयाचे. अशा दोन फळ्या घ्यावयाच्या, एक वर्तुळे कापलेली आणि एक कोरी, आणि त्या एकमेकींवर चिकटवावयाच्या. वर्तुळांच्या जागी ४ मिलिमीटर खोल खळगी आपोआप तयार होतात. दोन खळग्यांच्या मध्ये कमीत कमी जवळजवळ १७ मिलिमीटर लाकूड उरते, त्यामुळे शेजारची सोंगटी न हलवता एक उचलता येते. बोटाची जाडी हे येथील मूळ माप आहे, सौंदर्य नंतर.

खळग्यांतून ज्या चोवीस चकत्या पडतात त्या टाकून द्यावयाच्या नाहीत. त्याच सोंगट्या. येथे कापाची रुंदी आपल्या कामी येते. किरण जेथून जातो तेथील सुमारे ०.२ मिलिमीटर लाकूड नाहीसे होते. किरण रेषेच्या मध्यावरून जातो असे धरले तर खळगी २३.२ मिलिमीटरची होते आणि चकती २२.८ ची. चकती खळग्यात सैलसर बसते, पॉलिशपेपर मारावाही लागत नाही. पण एक अडचण राहते. चकती आणि खळगी दोन्ही ४ मिलिमीटरच्या असल्याने चकती पृष्ठाशी सपाट बसते आणि मग ती नखानेही निघत नाही. यावर उपाय म्हणजे दोन चकत्या एकीवर एक चिकटवून एक सोंगटी करणे. अठरा सोंगट्यांना छत्तीस चकत्या लागतात. चोवीस खळग्यांतून मिळाल्या, उरलेल्या बारा फळीच्या शेजारच्या पट्टीतून कापाव्यात.

दोन पक्षांच्या सोंगट्या वेगळ्या कशा करावयाच्या? रंग हा पहिला विचार मनात येतो. मी रंग टाळावा असे सुचवतो. नऊ सोंगट्यांच्या वरच्या चकतीला मध्यभागी ६ मिलिमीटरचे भोक ठेवावे, नऊ सपाट सोडाव्यात. असे केले म्हणजे सोंगटी कोणाची हे डोळे मिटूनही कळते. आपल्या वर्गांत दृष्टिहीन विद्यार्थीही बसतात. परीक्षेत त्यांना लेखनिक मिळतो. पण मोकळ्या तासाला कट्ट्यावर डाव रंगतो तेव्हा त्यांना कोणी विचारत नाही, कारण फरशीवरचा कोळसा बोटाला सांगत काहीच नाही आणि हात फिरवला की खडे जागचे हलतात. खळगीत बसलेली सोंगटी हलत नाही. म्हणून रेषाही नुसत्या ओझरत्या कापू नयेत. तशी रेषा केसाएवढी होते, दिसते पण लागत नाही. ती २ मिलिमीटर रुंद आणि अर्धा-पाऊण मिलिमीटर खोल कोरावी, म्हणजे बोट एका खळगीतून निघून चरीतून सरळ दुसऱ्या खळगीत पोहोचते. चर खळगीच्या काठाला अगदी भिडली पाहिजे, आणि त्याच वेळी दोन रेषा एकमेकींवर दोनदा काढलेल्या नसाव्यात. दुहेरी रेषेवरून यंत्र इमानाने दोनदा फिरते आणि लाकूड दुप्पट जळते.

आता नक्षी. हल्ली लाकडाचा तुकडा दिसला की त्यावर वारली चित्रे काढण्याची साथ आली आहे. ती चित्रे सुंदर आहेत, परंतु ती ठाणे-पालघरच्या भिंतींची. नागपूरच्या पटावर नागपूरचा काठ असावा. आपल्याकडची करवतकाठी टसर साडी सर्वांनी पाहिली असेल. तिच्या काठाला करवतीच्या दात्यांसारखी त्रिकोणांची रांग असते. अंग आणि काठ यांना वेगवेगळे धोटे चालवून ते एकमेकांत गुंतवतात, त्यातून हे दाते उठतात. ज्या पटाला करवत लागलीच नाही त्याला करवतीचा काठ द्यावा यात थोडी गंमतही आहे. शिवाय हिशेब नेमका बसतो. काठ १२ मिलिमीटर रुंद धरला तर चारी कोपऱ्यांत १२ मिलिमीटरचा एकेक चौकोन जातो आणि प्रत्येक बाजूला २७६ मिलिमीटर उरतात, म्हणजे १२ मिलिमीटर पायाचे बरोबर तेवीस दाते. तुकडा उरत नाही. बाहेरच्या खळगीचा काठ आणि दात्यांचे टोक यांत सहा मिलिमीटरहून अधिक मोकळी जागा राहते, तेवढी हवीच. बोटाला दाता लागला की त्याला कळावे, पट येथे संपला.

मधल्या लहान चौकोनात काय करावयाचे, हा मोहाचा प्रश्न आहे. तेथे कमळ, संत्रे, महाविद्यालयाचे बोधचिन्ह, काहीही बसते. मी ती जागा कोरी ठेवीन. त्या चार मोलाच्या नाक्यांवरही खूण करू नये. ते ज्याचे त्याने दोन डाव हरून शोधावेत.

नक्षीचा आणखी एक हिशेब आहे तो पैशाचा. दुकानात यंत्राचा वेळ मोजला जातो. सगळ्या वर्तुळांची, चकत्यांची, भोकांची आणि दोन्ही फळ्यांच्या कडांची लांबी मिळून सुमारे ५.२ मीटर भरते. सेकंदाला १० मिलिमीटर वेग धरला तर ते कापावयास साडेआठ मिनिटांच्या आसपास लागतात. कोरण्याचे तसे नाही. त्यात यंत्राचे डोके विणकराच्या धोट्यासारखे आडवे पुढे-मागे फिरते आणि एकेक बारीक ओळ जाळीत खाली सरकते. ओळींत ०.१ मिलिमीटर अंतर ठेवले तर ३०० मिलिमीटर उंचीला ३००० फेऱ्या होतात. प्रत्येक फेरी एका सेकंदाची धरली तरी पन्नास मिनिटे झाली, आणि वळणांचा वेळ वेगळा. म्हणजे खेळाला साडेआठ मिनिटे आणि शोभेला पाऊण तासाच्या वर! अंतर ०.२ मिलिमीटर केले की वेळ निम्मा होतो आणि डोळ्याला फरक जवळजवळ जाणवत नाही. दाते भरीव न कोरता नुसती त्यांची बाह्यरेषा काढली तर आणखी वाचतो, पण मग ते बोटाला नीट लागत नाहीत. येथे मी भरीव दात्यांच्या बाजूने मत देतो आणि पैसे दुसरीकडे वाचवावेत असे म्हणतो.

आकृती संगणकावर काढावी लागते. त्यासाठी ‘इंकस्केप’ ही विनामूल्य प्रणाली पुरते. कापावयाच्या रेषा एका रंगात, कोरावयाचा भाग दुसऱ्या रंगात ठेवण्याची रीत आहे, म्हणजे यंत्रावर प्रत्येक रंगाला वेगळी ताकद आणि वेग देता येतो. क्रम महत्त्वाचा. आधी कोरणे, मग आतली भोके आणि वर्तुळे, आणि बाहेरची कड सर्वांत शेवटी. कड आधी कापली तर फळी सुटते, केसभर सरकते आणि पुढचे सगळे वाकडे होते. ताकद किती ठेवावयाची याचा आकडा मी देत नाही. तो यंत्रागणिक आणि नळीच्या वयागणिक बदलतो. त्याच प्लायच्या तुकड्यावर वेगवेगळ्या वेगांचे छोटे चौकोन काढून पाहावेत आणि जो पूर्ण सुटला पण काळा पडला नाही तो वेग घ्यावा. आपल्याकडे उन्हाळ्यात नळी थंड ठेवणारे पाणी तापते आणि नळीची ताकद घसरते. म्हणून हिवाळ्यातला आकडा मे महिन्यात जसाच्या तसा वापरू नये, आणि शक्यतो सकाळची वेळ गाठावी.

मनीषनगरातल्या यंत्रावर बसणाऱ्या तरुणाने आकृती पडद्यावर पाहून पहिला प्रश्न विचारला तो असा : “भाऊ, हे भितीवर टांगाचं हाये का खेळाचं हाये?” खेळावयाचे म्हटल्यावर त्याने आपणहून कोरण्याची खोली वाढविली. टांगावयाच्या वस्तूला रंग पुरतो, खेळावयाच्या वस्तूला खोली लागते, हे त्याला कामाने शिकविले होते.

धोक्याच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. यंत्र चालू असताना ते सोडून चहाला जाऊ नये. लाकूड आहे, पेट घेऊ शकते. झाकण उघडून डोकावू नये. धूर बाहेर नेणारा पंखा चालू असल्याची खात्री करावी, कारण प्लायच्या गोंदाचा धूर डोळ्यांना झोंबतो. आणि पटाखाली लावावयास रेक्झिनचा तुकडा हवा असेल तर तो कात्रीने कापावा. रेक्झिनवर पी.व्ही.सी.चा थर असतो आणि तो जळला की हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो. तो फुप्फुसांना घातक आणि यंत्रालाही.

ज्यांना हे काम जवळून शिकावयाचे असेल त्यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमाची माहिती अवश्य मिळवावी. डॉ. कलबाग यांनी १९८३ साली स्थापन केलेल्या या संस्थेत २००२ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने ‘फॅब लॅब’ सुरू झाली. अमेरिकेबाहेरच्या अशा पहिल्यावहिल्या प्रयोगशाळांपैकी ती एक. ग्रामीण मुलांनी हाताने करून शिकावे हा तेथील शिक्षणाचा पाया.

कापून झाल्यावर कडांना काजळी असते. ती स्पिरिटच्या फडक्याने पुसावी, नाहीतर पहिल्याच डावात दोघांची बोटे काळी होतात. पृष्ठावरून २२० नंबरचा पॉलिशपेपर हलक्या हाताने, रेघांच्या दिशेने फिरवावा. खळग्यांच्या भिंतींचा करडा-काळा रंग मात्र ठेवावा. फिकट फळीवर ती चोवीस काळी वर्तुळे काजळ घातल्यासारखी दिसतात. दोन्ही फळ्या चिकटवताना पांढरा डिंक पातळ लावावा आणि खळग्यांच्या काठापासून थोडा दूर ठेवावा, अन्यथा तो खळग्यांत उतरून घट्ट बसतो. दाब देण्यासाठी शिकंजे नसतील तर जाड पुस्तके चालतात. मराठी विश्वकोशाचे चार खंड या कामी पुरेसे आहेत, ग्रंथपालांनी क्षमा करावी.

शेवटी लाखेचे पॉलिश. पळसावर येणारी लाख आपल्याच मुलखातली. तिचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून त्याचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. काजळी तिच्याखाली बंद होते. पॉलिश दोन्ही बाजूंना सारखे द्यावे. केवळ दर्शनी बाजूला दिले तर पावसाळ्यात कोरी बाजू ओल घेते आणि पट ताटासारखा वाकतो. पॉलिश वाळेपर्यंत पट एक-दोन दिवस भिंतीला टेकवून उभा ठेवावा. मग एकाने डोळ्यांना रुमाल बांधून सगळ्या चरी बोटाने फिरून पाहाव्यात. जेथे बोट अडखळेल तेथे पॉलिशपेपरची घडी फिरवावी. त्यानंतर डाव मांडावा. पहिली सोंगटी कोणी मांडावयाची हे ठरविण्यासाठी एक भोकाची आणि एक सपाट अशा दोन सोंगट्या दोन मुठींत लपवाव्या, आणि समोरच्याला एक मूठ निवडावयास सांगावे.